हिरवी टिकली

पाळी संपवून थकलेल्या हेमंतने रंगाच्या कारखान्याच्या फाटकावर मनगट यंत्रापुढे धरलं. कातडीखालची टिकली हिरवीगार होती. शरीरात कॅन्सरची चाहूल लागली की ती काळी पडायची आणि माणसाला फाटक कायमचं बंद व्हायचं. पण मास्क-हातमोज्यांशिवाय हेमंत कधी रंगाच्या विषारी भुकटीजवळ गेलाच नव्हता.

कारखान्याच्या धुलाईघरापुढे रांग होती. तिथे थांबलं की बस चुकते, म्हणून सगळ्यांसारखाच त्यानेही मळका गणवेश पिशवीत कोंबला.

घरी विशाखा पदराखाली हात घेऊन बसली होती. "आज महिला मंडळात आम्हालाही टिकल्या बसवल्या," ती म्हणाली.

"मग दाखव की."

तिने हात पुढे केला. टिकली काळीकुट्ट होती.

"खराब निघाली असेल हो. मी कधी कारखान्याची पायरी तरी चढलेय का?"

हेमंतने एका हाताने तिचं मनगट दिव्याजवळ धरून पुन्हा पाहिलं.

"किती दमलात! द्या ती पिशवी. कपडे झटकून भिजत घालते," म्हणत ती सवयीने उठली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हेमंतने पिशवी सोडली नाही.