भारा

बायडाबाई कमरेच्या पट्ट्याशिवाय आत आल्या आणि मोनाचं डोकंच फिरलं. मंगळवार पेठेत फिजिओथेरपीचा दवाखाना चालवताना नऊ वर्षांत सांगितलेलं ऐकणारा पेशंट तिला क्वचितच भेटला होता.

“मावशी, पट्टा कुठं हाय? आणि वैरणीचा भारा परत उचललासा न्हवं?”

“न्हाय ओ डाक्टरीणबाई. तुमी सांगितल्यापास्नं भाऱ्याला हात लावलेला न्हाय. कंबर एकदम झ्याक हाय.”

“मग पट्टा?”

“सुनंला दिलाय. मी बंद केलं तवापास्नं तीच भारा आणतीया. चार म्हशी, दोन येळची वैरण, सुटका हाय व्हय? काल भारा डोक्यावर घेताना तिच्या पाठीत उसण भरली. सरळ हुभं ऱ्हाता येईना बगा. भाईर बसलीया.”

मोनाने कपाळावर हात मारला. महिनाभर या बाईला व्यायाम शिकवले, कसं वाकायचं, कसं उठायचं ते दहादा करून दाखवलं. आणि ते दुखणं नुसतं सासूकडून सुनेकडं गेलं होतं.

“अवो, पण घरात तरणाताठा मुलगा हाय की तुमचा! त्यानं आणला भारा तर काय बिघडंल?”

असं काही कुणी विचारेल, हे बायडाबाईंच्या मनातही आलं नव्हतं.

“पृथ्वीराज व्हय? त्याला कुठनं सवड? सकाळ-संध्याकाळ जिमला जातोय की, वजनं उचलायला.”