मनगटातली दोरी

“अंगठा वाकवा, सर.”

सरांनी वाकवला. म्हणजे मनातल्या मनात वाकवला. उजवा अंगठा ढिम्म हलला नाही. दीड महिन्यापूर्वी शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची बरणी फुटून अंगठ्याच्या बुडाशी घुसली, तेव्हा जीवशास्त्राच्या या सरांनी वर चिकटपट्टी लावली आणि “भरेल आपोआप” म्हणून सोडून दिलं. जखम भरली खरी. पण आतली, अंगठा ओढणारी दोरी तुटली ती तुटलीच. आता खडू हातात टिकत नव्हता, आणि खडूशिवाय आपण कसले सर, या विचारानं त्यांना रडू यायचं तेवढं बाकी होतं.

समोर बसलेली हाताची डॉक्टर त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. हिला आपण वर्गात काय म्हणायचो, ते सरांना दारातच आठवलं होतं. तिला आठवू नये, अशी त्यांची फार इच्छा होती.

“तुटलेली टोकं आखडून गेलीत, जोडता यायची नाहीत,” डॉक्टर म्हणाली. “मध्ये दुसरी दोरी घालावी लागेल. मनगटात एक जादा असते ना, ती काढू. दाखवा डावा हात. अंगठा आणि करंगळी जुळवा.”

सरांनी डावी बाही घाईघाईनं मनगटाखाली ओढली.

गेली सत्तावीस वर्षं दर वर्गाकडून ते हेच करून घेत आले होते. अंगठा-करंगळी जुळवून मनगट वाकवलं की पोरांच्या मनगटावर मधोमध एक दोरी उठून दिसे. “फांद्यांना लोंबकळायची दोरी!” सर गरजत. “माणूस अजून घडतोय, बाळांनो! पुरावा हवा? हा बघा!” आणि बाही सारून स्वतःचं सपाट मनगट बाकांमधून मिरवून आणत. ज्याची दोरी सगळ्यांत जाड, त्याला मग वर्षभर एकच नाव: पूर्वज.

“मला नाहीये,” सर पुटपुटले. “दोन्हीकडे नाही.”

“माहितीये. सबंध वर्गानं पाहिलंय.” डॉक्टरनं स्वतःचा अंगठा आणि करंगळी जुळवली. तिच्या वर्षाची पूर्वज तीच होती. दोरी ताडकन उभी राहिली, शाळेत होती तेवढीच जाड. “पूर्वजांकडे स्पेअर असतो, सर. तुम्ही फारच पुढे निघून गेलात.”

सर चांगलेच ओशाळले. “चुकलंच माझं. पण... आता गं?”

“आणखी एक जागा आहे. पोटरीत. माकडं पायानं फांदी धरतात ना, त्या कामाची दोरी. आपल्याला काही उपयोग नाही तिचा. बऱ्याच जणांना असते, काहींना नसते.” तिनं सोनोग्राफीचं यंत्र जवळ ओढलं. “पॅन्ट वर घ्या.”

पोटरीला गार जेल लागलं. डॉक्टर पडद्याकडे बघत यंत्र पोटरीवर वर-खाली फिरवत राहिली. वर्गात देवाचं नाव काढू न देणाऱ्या सरांनी डोळे गच्च मिटले. देवा, मनगटाचं गेलं ते गेलं, पायानं तरी मागास ठेव रे बाबा. एवढं एक कर.

“सर.”

“हं?”

“अभिनंदन!” डॉक्टर खुदकन हसली. “माकड आहात.”

सर टुणकन उठून बसले आणि त्यांनी दुसराही पाय उघडा केला.

“इकडे बघ, इकडे! इकडची जाड असेल!”