पहिल्या गोळीची मांडी

थोरल्या भावाकडे मोठ्या नळीची बंदूक होती, पण बांधावरून बोलणं तुटलेलं. मागायला जीभ रेटेना, म्हणून रावजी बापाची रानकोंबड्यांपुरती ठासणीची बंदूक घेऊनच सांबरामागे गेला.

बारीक गोळी पोटात लागली. सांबर गुडघ्यांवर बसलं, त्याच्याकडे बघत राहिलं. दारू भरून तो गजाने दुसरी गोळी ठासतोय, तोवर ते उठून झाडीत शिरलं. अंधार पडेपर्यंत शोधूनही सापडलं नाही.

सकाळी थोरला आला. पहिली गोळी ज्याची, मांडी त्याची, ही गावची रीत. पानांत बांधलेली मांडी त्याने पायरीवर ठेवली.

“रात्रभर आमच्या परसामागे कण्हत होतं. उजाडल्यावर मी गोळी घालून सोडवलं. पोटात बापाच्या बंदुकीची बारीक गोळी निघाली.”

रावजीची मान वर होईना.

“बंदूक मागितली असतीस, तर नाही म्हणालो असतो का रे?”