गेरूची पाच कडी

“फोड कधी उठले?” सिस्टरनं विचारलं.

“काल,” मालन म्हणाली. तिचा नवरा धोंडिराम शेजारी बसला होता.

या नव्या नागिणीचा विषाणू कंबरेवरून थेट मेंदूत चढायचा. तीन दिवसांच्या आत इंजेक्शन मिळालं तर माणसाच्या आठवणी वाचायच्या. त्यानंतर आलेल्याला ते देतच नसत. मालनला हे ठाऊक होतं. पण नागिणीचं तोंड नि शेपूट जुळलं की माणूस संपतो, असं सासूबाई सांगायच्या. ते जुळू नये म्हणून ती रोज सकाळी नवऱ्याच्या कंबरेला गेरूचं एक कडं काढत राहिली.

“काकांचा सदरा वर करा.”

“राहू द्या हो सिस्टर, पाया पडते तुमच्या! नुसतं इंजेक्शन द्या!”

सिस्टरनं सदरा वर केला. “पाच कडी! रोज एकच काढतात ना? मावशी, पाच दिवस झाले की!”

“सगळी कालच काढलीत! विचारा यांना!”

धोंडिराम जन्मात खोटं बोलला नव्हता. त्यानं आपल्या कंबरेकडे नवलानं पाहिलं.

“मालन, हे गं कुणी रंगवलं?”

मालननं गेरूनं माखलेली बोटं पदरात दडवली. सिस्टरनं सुईला टोपण लावलं.