ढिगाबाहेरची डबी

दंग्यानंतर चौथ्या दिवशी कोल्हापूर दरबारचा हुकूम गडहिंग्लजला आला: लुटलेला माल जो गुमान चावडीत आणून टाकेल, त्याची चौकशी होणार नाही. हंडे, तागड्या, लुगड्यांचा ढीग लागला. समोर रुद्राप्पा वाणी उपाशी बसलेला. दंग्यात गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या डबीसकट हिसकावलं गेलेलं. लिंगपूजेशिवाय लिंगायत जेवत नाही. लेकाला घेऊन आलेली खैरुनबी ढिगाशी थांबलीच नाही. पदरातली चांदीची डबी तिने थेट त्याच्या हातात दिली. "कुणाचा देव ढिगात कसा टाकू, आण्णा?" फौजदार पुढे आला. "ढिगात टाकलं असतंस तर इचारलं नसतं. घरात कुणी आणलं?" तिच्यामागे उभ्या लेकाने मान खाली घातली. रुद्राप्पाने डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं. "वाटंत पडलं हुतं माझं. हिला घावलं." घरी बायकोने भाकरी वाढली. त्याने ताट सरकवलं. "उद्या जेवतो. आज देव हातात धरून खोटं बोललोय."