गुंजीचं बारावं पुस्तक

शाळेतल्या सत्काराची शाल अजून खांद्यावरच होती. ती काढावी की असू द्यावी, हे न ठरल्यामुळे कारभारी तसेच दुर्गाबाईंच्या ओसरीवर टेकले.

दुर्गाबाई सुपात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "नावानं बोलवायची पंचाईत हाय बघा तुमची. कारभारी म्हणलं की सुना हसतेत. म्हणतेत, म्हातारीचा नवरा परत आला."

कारभारींना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायला वेळ लागला. तोवर दुर्गाबाई पुढच्या शेंगेला लागल्या होत्या.

खांबाला टेकून त्यांची नात अक्षता उभी होती. पाचवीतली. तिच्या हातात कारभारींनी लिहिलेलं गुंजीचं अकरावं पुस्तक होतं आणि त्यावर त्यांची सही कशी मागावी या विचारात ती उभी होती. गुंजी बगळ्याच्या पाठीवर बसून ढगात जाते, वाऱ्याला गोणीत भरून आणते, आणि शेवटच्या पानावर न चुकता बारवेच्या पायरीवर येऊन रस्त्याकडे बघत बसते. कारण पहिल्या पुस्तकात एक मुलगा तिला "थांब हितंच, आलोच," असं सांगून गेलेला आहे. तो कधी येणार, हे विचारणारी मुलांची पत्रं कारभारींच्या घरी खोक्यांनी पडली होती. बारावं पुस्तक शेवटचं. त्याचं शेवटचं पान दोन वर्षं कोरं होतं.

सत्काराला म्हणून कारभारी कुठे जात नसत. केदारखेड्याचं बोलावणं आलं, त्या दिवशीच मात्र त्यांनी होकार कळवला. बारव इथलीच होती. तो मुलगा कोण, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"पुस्तकं... ऐकलीत का?" त्यांनी विचारलं.

"ऐकली की. समदी. ही वाचून दाखवती. चांगली हायेत." एक शेंग फुटली. "पण एक बिलकुल खोटं हाय."

कारभारींनी खांद्यावरची शाल सावरली. इतकी बक्षिसं मिळाली, तरी प्रत्येक वेळी त्यांना वाटे, आता कुणीतरी उठून हेच म्हणणार. आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"काय खोटं?"

"पोरगी दिस मावळोस्तर पायरीवर बसती? एवढा वेळ?"

"मग तुम्ही किती वेळ बसला होता?"

गाडीत येताना हाच प्रश्न त्यांनी केवढा तरी गुंडाळून ठेवला होता. तो असा उघडाच बाहेर पडला.

दुर्गाबाईंचा हात थांबला. मग त्या उरलेल्या चार दातांनिशी हसल्या. "आरं, तू हे विचाराया आलास व्हय?"

तुमचं तू केव्हा झालं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"तुझा मामा आला अन् तुला छकड्यात घालून बोर्डिंगात घेऊन गेला. मला काय म्हाईत? तू म्हणलास थांब, मी थांबले. मंग भूक लागली, घरी गेल्ते. मायनं धपाटे केल्ते."

"घरी?"

"मंग? म्हशींना पाण्यावर कुणी नेलं असतं, तुझ्या मामानं?"

अक्षता फिसकन हसली.

कारभारींना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. बासष्ट वर्षं छातीवर असलेलं ओझं कुणीतरी सहज उचलून बाजूला ठेवलं होतं. पण बोर्डिंगातल्या पहिल्या दिवशी ताटात पडलेली भाकरी त्यांना आठवली. ती त्यांनी खाल्ली नव्हती. तिकडे पायरीवर ती मुलगी उपाशी बसली असेल, म्हणून. कुणीतरी आपली वाट पाहत आहे, एवढ्या एका समजुतीवर त्यांनी अकरा पुस्तकं लिहिली होती.

"म्हणजे वाट पाहिलीच नाही."

"दुसऱ्या दिवशी गेल्ते की बघाया." दुर्गाबाई सुपाकडे बघत म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी बी. चौथ्या दिवशी काही जावं वाटलं न्हाई."

कारभारींनी शाल काढून घडी घातली, ती नीट आली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली.

"मग शेवटी काय लिहू?" त्यांनी विचारलं. पाटी पुढे करणाऱ्या मुलासारखा त्यांचा आवाज झाला होता.

"लिही की. पोरगी घरी गेली. जेवली. मोठी झाली. तिला लई कामं होती."

"आणि तो मुलगा?"

"येईल की त्यो. जल्दी न्हाई, पण येईल. येऊन बघतो तं पायरीवर कुणीच न्हाई." त्यांनी हातातली शेंग न सोलताच खाली ठेवली. "एवढी वर्षं तिला बसवलीस. आता त्याला बसव."

अक्षताला हे काही पटलं नव्हतं. पुस्तक पोटाशी धरून ती पुढे आली.

"पण आजी, तो किती वेळ बसतो?"

दुर्गाबाईंनी सूप हलकेच पाखडलं. टरफलं उडून ओसरीखाली गेली, हिरवे दाणे मागे राहिले.

"कोण जाणे," त्या म्हणाल्या. "अजून उठला न्हाई."