गोजराबाई बसली की नेट जातं

पुन्हा तुटलं. मयूरचं तोंड पडद्यावर अर्धवट उघडं राहिलं, मग तेही गेलं. गोजराबाई खाटेवरून उठली, भिंतीला हात लावून क्षणभर थांबली आणि स्वयंपाकघराकडे बघू लागली. तिथून सून मोहिनी हात पुसत आली. तिने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. नेट जागेवर होतं.

गोजराबाई बसली की जायचं, उठली की यायचं. एवढं शहाणं यंत्र मखमलाबादच्या सगळ्या मळ्यांत दुसरं नसेल. सुनेशी तासभर बोलणार, आणि सासू समोर आली की मुकं होणार.

तिचा लेक मयूर जर्मनीला गेला तेव्हा हा लॅपटॉप घरी ठेवून गेला. त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घातलेलं. फुकटचं आहे पण चोरीचं नाही, असं तो म्हणायचा. मोहिनीला त्यातलं कळत होतं. नांदगावला माहेरी असतानाच ती कॉम्प्युटर शिकली होती. तिने आतलं वायफाय कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम बदलला, मग जुनाच परत घालून पाहिला, लिनक्सवाल्यांच्या फोरमवर विचारलं. दिवसभर तपासावं तर कार्ड एकदाही बंद पडायचं नाही. लोडशेडिंग झालं की राउटरच बंद, मग तपासायला काही उरायचंच नाही. दर रविवारी ती म्हणायची, आई, आज नक्की चालेल. गोजराबाई ऐकून घ्यायची. ही दिवसभर त्या डबड्याशी काय खुडबुड करते, हे ती झेंडूच्या माळा ओवता ओवता बघतच होती.

मयूर शाळेत होता तेव्हा त्याचा बाप, गोटीराम, विहिरीवर पाणी सोडायला गेला तो परत आला नाही. पोराला तिने एकटीने वाढवलं, फुलबाजारात बसून. आता माय-लेकाच्या मध्ये एक डबडं आलं होतं आणि ते चालवणं सुनेच्या हातात. बरं, कॉल सासूच्या स्वाधीन केला की ही लगेच चहा टाकायला आत. माय-लेकाला मोकळं बोलता यावं म्हणून जाते म्हणे. गोजराबाईला असलं खरं वाटत नव्हतं. जे करायचं ते करून ठेवायचं, आणि आपण तिथं नव्हतोच असं दाखवायचं.

त्या रविवारी तिने ठरवलं. मयूर दिसला की एकच सांगायचं. तुझी बायको मला तुझ्याशी बोलू देत नाही, तिला मी नांदगावला धाडते. सकाळपासून ती ते मनात घोळवत होती. तुटायच्या आत तेवढंच सांगून होणार होतं.

कॉल लागला. मोहिनी थोडं बोलली, सासूला हाक मारली आणि आत निघाली.

"कुठं निघाली? इथं बस, माझ्यासमोर. हात मांडीवर ठेव, दिसू दे मला."

मोहिनीचे कान लाल झाले. पण बसली. गोजराबाई फुलांवर पाणी शिंपडून उठली होती, हात ओले होते. ते तिने पदराला पुसले, खाटेशी आली आणि बसायच्या आधी भिंतीवरच्या बोर्डाचं बटन कोपराने बंद केलं. चार्जर त्यातच लावलेला होता. पडदा जरासा मंद झाला.

"मयूर, ऐक," ती म्हणाली. "तुझी बायको..."

पडद्यावरचा मयूर थिजला.

गोजराबाईने झटकन सुनेच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवरच होते.

मोहिनी बटनाकडे बघत होती. चार्जर बंद झाला की लॅपटॉप बॅटरीवर जात होता, आणि बॅटरी वाचवायला तो वायफाय कार्डाला झोपवत होता. एवढंच होतं. उठताना सासू बटन पुन्हा चालू करत असणार, म्हणून आपण बाहेर येईपर्यंत सगळं ठीक. तिने उठून बटन चालू केलं. हे राहू द्या आई, म्हणाली, काही होत नाही.

गोजराबाईचा हात बटनाकडे गेलाच होता.

"तुझे सासरे बी हेच म्हणाले होते," ती म्हणाली. "काय होत नाय. आन् वल्या हातानं मोटरीचा स्टार्टर धरला."

मोहिनीने वर पाहिलं. भिंतीवर गोटीरामचा फोटो होता, त्याला आजचीच माळ होती. मग तिने स्वतःच्या हाताने बटन बंद केलं. चार्जरची पिनही ओढून काढली, गुंडाळून फळीवर ठेवली. परत येऊन तिने एक ओळ टाइप केली, कार्डाने बॅटरीवरही जागं राहावं अशी.

मयूर परत आला. हलला, हसला, गेला नाही.

"हं आई, मोहिनीचं काय सांगत होतीस?"

गोजराबाईने पदर सारखा केला.

"काय नाय. तुझी बायको बटन बंद करायला शिकली, ते सांगत होते."